आर्किटेक्चरची ट्रेनिंग ठाणे-नवी मुंबईत: कुठल्या क्रमाने काय करायचं आणि पोरं नेमकी कुठे अडकतात

आर्किटेक्चरच्या डिग्रीत एक सेमिस्टर आर्किटेक्टच्या ऑफिसात काम करून ट्रेनिंग भरायची असते. तिचा सीझन आला की ऑफिसच्या मेलवर रोज पोर्टफोलिओ येऊन पडतात. डिझाईन बऱ्याच जणांचं बरं असतं, घोटाळा असतो तो क्रमात. आधी ऑफिस पक्कं करतात आणि मग कॉलेजचे नियम वाचतात, जॉईन होऊन महिना झाल्यावर कळतं की लॉगबुकवर (कॉलेजला दाखवायची कामाची नोंदवही) सही करणारे सर रजिस्टर्ड आर्किटेक्टच नाहीत, आणि शेवटच्या दिवशी ड्रॉइंगच्या फाईली मागतात आणि नाही म्हटलं की तोंड पाडतात. म्हणून सगळं ओळीने लिहून काढलंय. चौथ्या-पाचव्या वर्षाला असाल तर आत्ताच वाचा, जॉईन झाल्यावर वाचून निम्मा उपयोग.

१. आधी कॉलेजचा कागद, मग ऑफिस

ट्रेनिंग कोऑर्डिनेटरकडे जा आणि चार गोष्टी लेखी घ्या. किती आठवडे भरायचे, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, मधे ऑफिस बदललं तर चालतं का, आणि लॉगबुकवर कोणाची सही चालते. साधारण एक सेमिस्टर म्हणजे १६ आठवड्यांच्या आसपास ट्रेनिंग असते, पण मोजणी प्रत्येक कॉलेज आपापल्या पद्धतीने करतं, त्यामुळे सीनियरने सांगितलेल्या आकड्यावर राहू नका.

मग कॅलेंडर घेऊन बसा. गणपतीत गावाला जाणार असाल, दिवाळीत ऑफिस चार-पाच दिवस बंद असेल, तर ते दिवस वजा करून आठवडे भरतात का बघा. भरत नसतील तर आठवडाभर आधी जॉईन व्हा. हे जॉईन व्हायच्या आधी ठरतं, शेवटी नाही.

चेक: कॉलेजचं शिफारसपत्र आणि लॉगबुकचा फॉरमॅट हातात आहे का? नसेल तर एकही मेल टाकायचा नाही.

२. सही कोण करणार ते बघा

आर्किटेक्ट्स अॅक्ट १९७२ प्रमाणे स्वतःला ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घ्यायला कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी लागते. नोंदणी नंबर आधी ‘सीए’ ही अक्षरं, मग वर्ष, मग आकडा असा असतो आणि कौन्सिलच्या वेबसाईटवर नावाने शोधता येतो. पाच मिनिटांचं काम आहे, करत मात्र कोणी नाही.

इथे गंमत अशी की बोर्डवर ‘आर्किटेक्चर, इंटिरिअर्स, टर्नकी’ असं सगळंच लिहिलेलं असतं आणि ऑफिस चालवणारे प्रत्यक्षात इंटिरिअर डिझायनर किंवा सिव्हिलवाले असतात. कामं चांगली असतील, शिकायलाही मिळेल, पण त्यांची सही कॉलेज धरणार नाही. दोन पार्टनर असतील तर ज्यांच्या हाताखाली तुम्ही बसणार त्यांचाच नंबर विचारा. नोंदणी चालू आहे का, रिन्यू केली आहे का, हेही बघून घ्या. आणि बऱ्याच कॉलेजांना सरांचा अनुभव किती वर्षांचा तेही लिहून लागतं, म्हणून तोही आधीच विचारायचा. विचारायला लाज वाटत असेल तर सरळ म्हणा, सर कॉलेजच्या फॉर्ममध्ये भरायचंय. कोणी रागावत नाही.

३. ऑफिसचा प्रकार ठरवा, नावाच्या मागे लागू नका

आपल्याकडे ढोबळ चार जातीची ऑफिसं सापडतात. पाचपाखाडी-नौपाड्यात पालिकेची कामं आणि सोसायट्यांचं रिडेव्हलपमेंट करणारी, त्यांचा निम्मा दिवस मंजुरीच्या फाईलीत जातो. बेलापूर-वाशीकडे सिडको आणि नवी मुंबई पालिकेची कामं करणारी, जुन्या सिडको इमारतींच्या रिडेव्हलपमेंटमध्ये घुसलेली. घोडबंदर रोडला आणि खारघरला फ्लॅट इंटिरिअरवाली भरपूर. आणि मग छोटी, पाच-सहा माणसांची, कर्जत-बदलापूरकडे बंगले, एखादी शाळा, एखादं मंदिर असं करणारी.

माझं मत विचाराल तर ट्रेनिंगला चौथी जात सगळ्यात भारी. नाव कोणी ऐकलेलं नसतं, पण एकच काम स्केचपासून स्लॅबपर्यंत डोळ्यासमोर जातं. मोठ्या ऑफिसात सोळा आठवडे पार्किंगचे ले-आऊट आणि रेंडरची (कॉम्प्युटरवर केलेलं इमारतीचं चित्र) झाडं चिकटवण्यात गेलेली पोरं पाहिलीत, सर्टिफिकेटवर नाव झकास, पण लिंटेल (दार-खिडकीवरची आडवी तुळई) किती उंचीवर येते विचारलं की गप्प. मंजुरीवालं ऑफिसही वाईट नाही हं, तिथे नियम पाठ होतात, फक्त साईटवर पाठवतात का ते विचारून घ्या.

प्रवासाचं गणित या टप्प्यावरच करायचं. नकाशावर अंतर बघू नका, सकाळी साडेआठला एकदा प्रत्यक्ष जाऊन बघा. डोंबिवलीहून बेलापूरला जायचं तर ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर पकडायची, पनवेलहून कासारवडवलीला जायचं तर ठाण्यापर्यंत लोकल आणि पुढे घोडबंदरचं ट्रॅफिक, तिथे बसमध्ये किती वेळ जाईल ते त्या दिवशीच्या देवालाच ठाऊक. त्यात साईट उलव्याला किंवा तळोज्याला असली तर आणखी वेगळं. साईटचा प्रवासखर्च ऑफिस देतं का, हा प्रश्न यादीत टाकून ठेवा.

४. पोर्टफोलिओ: कमी पानं, खरी ड्रॉइंग

बारा-पंधरा पानं पुष्कळ झाली. पहिल्या पानावर मोठं रेंडर आणि एखादं इंग्रजी सुविचार नको. कुठल्या प्रोजेक्टमध्ये तुम्ही काय केलं ते एका ओळीत लिहा, ग्रुपवर्क असेल तर स्पष्ट लिहा, कारण त्याच ग्रुपमधल्या दुसऱ्या मुलीचा पोर्टफोलिओ त्याच आठवड्यात त्याच ऑफिसात आलेला असतो आणि दोघांनीही ‘डिझाईन हेड’ लिहिलेलं असतं!

एक तरी वर्किंग ड्रॉइंगचं (ज्यावरून साईटवर बांधतात ते) पान टाकाच, टॉयलेट किंवा जिन्याचं डिटेल, मापांसकट. बघणारा काय बघतो सांगतो. दार उघडलं की कमोडला आपटतं का, जिन्याच्या लँडिंगखाली डोक्याला बीम लागतं का, सेक्शनमध्ये स्लॅबला जाडी आहे का. तीस सेकंदात एवढंच बघून होतं आणि तिथेच निम्मा निर्णय झालेला असतो.

फाईल दहा एमबीच्या आत, पीडीएफ, आणि फाईलच्या नावात तुमचं नाव, कॉलेज, वर्ष. ‘पोर्टफोलिओ फायनल फायनल २’ नावाची फाईल डाऊनलोड केल्यावर परत सापडत नाही.

५. मेल, फोन, भेट, याच क्रमाने

तीन-चार महिने आधी मेल टाका. विषयात ट्रेनी, कॉलेज आणि तारखा. मजकूर पाच ओळी: मी कोण, किती आठवडे, कुठल्या तारखेपासून, तुमचं अमुक काम पाहिलंय, पोर्टफोलिओ जोडलाय. वीस ऑफिसांना एकाच मेलमध्ये टाकायचं नाही, सगळ्यांना सगळ्यांची नावं दिसतात. आठवड्याने फोन करा, दुपारी बारानंतर, कारण सकाळी सगळे साईटवर किंवा पालिकेत असतात. आणि व्हॉट्सअॅपवर ‘हाय सर’ टाकून थांबायचं नाही, जे आहे ते एकाच मेसेजमध्ये लिहायचं.

भेटीत तुम्हीही विचारायचं असतं हे मुलांना कोणी सांगतच नाही. स्टायपेंड किती आणि कुठल्या तारखेला, शनिवार पूर्ण की अर्धा, सध्या साईटवर चालू कामं किती, ट्रेनीला साईटवर नेता का, लॅपटॉप माझा की ऑफिसचा कॉम्प्युटर. पैशाचं विचारताना मान खाली घालायची गरज नाही, ‘सर, स्टायपेंडचं कसं असतं आपल्याकडे?’ एवढं वाक्य पुरतं.

सावधान: स्वतःच्या लॅपटॉपवर काम करायला सांगितलं तर सॉफ्टवेअर कोणाचं ते विचारा. विद्यार्थ्यांचं फुकट मिळणारं लायसन शिकण्यापुरतं असतं, ऑफिसच्या कमर्शियल कामाला ते चालत नाही. क्रॅक टाकून घे असं कोणी म्हणालं तर अडकणारा लॅपटॉप तुमचा आहे, त्यांचा नाही.

ठरलं की लेखी घ्या. मेलवर दोन ओळी असल्या तरी चालतील, पण त्यात तारखा, स्टायपेंड आणि सरांचा नोंदणी नंबर हवा. तो मेल त्याच दिवशी कोऑर्डिनेटरला फॉरवर्ड करून मंजुरी घ्या, त्यानंतरच बाकीच्या ऑफिसांना नाही कळवा.

६. जॉईन व्हायच्या आधीच्या आठवड्यात

पाच मीटरचा टेप, बांधलेली वही, पुढून बंद असलेले आणि तळव्याला ग्रिप असलेले बूट. पावसाळ्यात जॉईन होत असाल तर बुटाचं फारच मनावर घ्या, ओल्या शटरिंग प्लायवरून (काँक्रीटच्या साच्याची फळी) चप्पल घालून चालणं म्हणजे दवाखान्याची वाट.

घरातलं एक टॉयलेट आणि स्वयंपाकघर टेपने मोजा आणि मिलिमीटरमध्ये काढा. भिंतींची जाडी, ओट्याची उंची, दाराचं क्लिअर ओपनिंग, खिडकीचा सिल म्हणजे खालची कड. माप हातात बसलं पाहिजे, सहा इंच म्हणजे दीडशे हे विचार न करता यायला हवं. शिवाय मिस्त्री लोक सूतात बोलतात, आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणजे एक सूत साधारण तीन मिमी. ‘चार सूत बाहेर आहे’ म्हटल्यावर अर्धा इंच हे त्या क्षणी कळायला हवं.

नियमांचं पुस्तक कुठे कुठलं लागतं तेवढं माहीत असू द्या. ठाणे आणि नवी मुंबई पालिकेत यूडीसीपीआर, म्हणजे राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली, २०२० च्या डिसेंबरात आलेली. मुलुंड चेक नाका ओलांडला की मुंबई, तिथे मुंबईची स्वतःची नियमावली, डीसीपीआर २०३४. महापे-रबाळ्याच्या एमआयडीसीत एमआयडीसीचे स्वतःचे नियम, आणि पनवेलकडे नैना क्षेत्र (नव्या विमानतळाभोवतीचा सिडकोच्या नियोजनातला भाग) असेल तर तिथेही वेगळं. पाठ करू नका, व्याख्यांचा भाग तेवढा वाचून या. साईड मार्जिन आणि मोकळी जागा यातला फरक माहीत असलेला ट्रेनी पहिल्याच दिवशी डोळ्यात भरतो.

७. पहिले पंधरा दिवस

ऑफिसची पद्धत शिकायची, आपली शिकवायची नाही. फोल्डर कसे ठेवतात, फाईलला नाव कसं देतात, लेयर कुठले, प्रिंटची सीटीबी (रेषांची जाडी ठरवणारी फाईल) कुठली, एक्सरेफ (ड्रॉइंगला बाहेरून जोडलेल्या फाईली) कुठून जोडलेत. मंजुरीचं ड्रॉइंग ऑनलाईन स्क्रुटिनीला जाणार असेल तर लेयरचं नाव चुकलं तरी सॉफ्टवेअर ते वाचतच नाही, त्यामुळे तिथे ‘मला सोपं पडतं म्हणून’ काही बदलायचं नाही.

काम हातात आलं की माऊस धरायच्या आधी तीन गोष्टी विचारा. हे ड्रॉइंग कशासाठी आहे, मंजुरीला, टेंडरला, क्लायंटला दाखवायला की साईटवर बांधायला. बेस फाईल कुठली, कुठल्या तारखेची. आणि कधीपर्यंत हवं. उत्तर वहीत लिहा आणि परत म्हणून दाखवा: ‘म्हणजे मॅडम, मंगळवारच्या आरसीसी ड्रॉइंगवर कॉलम अपडेट करून टॉयलेटचं जीएफसी, म्हणजे साईटवर बांधायला द्यायचं, डिटेल, उद्या चारपर्यंत, बरोबर?’ चुकीच्या बेसवर दोन दिवस काम करून ठेवलेलं ड्रॉइंग हा ट्रेनीचा सगळ्यात कॉमन घोटाळा आहे, आणि तो या एका वाक्याने टळतो. पाव काम झालं की उठून दाखवा. पूर्ण करून सरप्राईज देऊ नका.

एक उदाहरण जरा जवळून बघू, कारण दर बॅचमध्ये हेच होतं. टॉयलेटची वीटकामातली रुंदी १२०० आहे. ट्रेनी तीच १२०० धरून शॉवरची काच, काऊंटर, सगळं काढतो. प्रत्यक्षात दोन्ही भिंतींना प्लास्टर येतं, वर टाईल आणि ती चिकटवायचा मसाला, म्हणजे एका बाजूला पंचवीस-तीस मिमी सहज जातात. हातात राहतात ११४० च्या आसपास. काच १२०० ची ऑर्डर झाली तर टफन काच साईटवर कापता येत नाही, ती फेकायचीच. म्हणून टॉयलेट डिटेलवर माप लिहिताना अनफिनिश्ड की फिनिश्ड हे प्रत्येक वेळी लिहायचं, आणि काच-काऊंटरची ऑर्डर टाईल लागल्यावर साईटवर मोजूनच द्यायची, अशी टीप ड्रॉइंगवरच टाकायची.

प्रिंट काढायच्या आधीचा चेक, हा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: मापांची साखळी जोडली की एकूण मापाएवढी येते का. एखाद्या मापावर हाताने आकडा टाईप केलेला नाही ना, असेल तर रेषा दुरुस्त करा, आकडा नाही. दारं प्लॅनमध्ये जितकी तितकीच शेड्यूलमध्ये (दार-खिडक्यांचा तक्ता) आहेत का. लेव्हल, नॉर्थ, स्केल, रिव्हिजन नंबर, तारीख. मग ए३ वर एक चाचणी प्रिंट काढून लाल पेनाने स्वतः तपासा. स्क्रीनवर तपासलेलं हे तपासलेलं नसतं. आणि ए१ ची घडी ए४ मध्ये घालताना टायटल ब्लॉक (कोपऱ्यातली नाव-तारखेची चौकट) वर दिसला पाहिजे, हे फालतू वाटेल, पण पालिकेत फाईल चाळणारा माणूस तेवढंच बघतो.

८. साईटवर

पहिल्या भेटीत सीनियरच्या मागे राहा, हेल्मेट घाला, फोन खिशात. मुकादमाला काका-दादा म्हणा, नाव विचारा. ज्यांच्याकडून खरं शिकायचंय ती माणसं हीच. ओळंबा, गुण्या, लेव्हल पाईप कसा धरतात ते बघा, एकदा स्वतः धरून बघा. लाईनआऊटच्या (जमिनीवर इमारतीची आखणी) दिवशी साईटवर जायला मिळालं तर बाकी सगळं सोडून जा.

स्लॅबच्या आधी गेलात तर हे बघून घ्या: टॉयलेटचा संक (पाईपांसाठी खाली घेतलेला स्लॅब) ड्रॉइंगप्रमाणे खाली घेतलाय का आणि योग्य खोलीत घेतलाय का, सळईखाली कव्हर ब्लॉक (सळई उचलून धरणारे ठोकळे) आहेत की सळई थेट शटरिंगवर बसलीय, इलेक्ट्रिकचे पाईप टाकलेत का, प्लंबिंगच्या स्लीव्ह (पाईप जायला ठेवलेली भोकं) सोडल्यात का, जिन्याच्या सळया बाहेर काढून ठेवल्यात का. काँक्रीट ओतल्यावर यातलं काहीही सुधारायचं म्हणजे ब्रेकर लावायचा.

फोटो काढताना टेप फ्रेममध्ये ठेवा आणि आधी एक लांबचा फोटो काढा. नुसत्या भेगेचा क्लोजअप बघून ऑफिसात कोणालाच कळत नाही की ही भेग कुठल्या मजल्यावर कुठल्या भिंतीला आहे.

सावधान: साईटवर स्वतःहून सूचना द्यायची नाही. ठेकेदार मुद्दाम ट्रेनीला विचारतो, ‘मॅडम, ही खिडकी सहा इंच सरकवू का, चालेल ना?’ आणि तुम्ही मान हलवली की ती सरकते, मग मीटिंगमध्ये ‘तुमच्याच मॅडमनी सांगितलं’. उत्तर एकच, विचारून कळवते. मग सरांना फोन, आणि जे ठरेल ते साईट रजिस्टरमध्ये लेखी. व्हॉट्सअॅपवर ड्रॉइंग पाठवायचं तर पीडीएफच, रिव्हिजन नंबर लिहून, आणि पुढच्या भेटीत भिंतीवरची जुनी प्रिंट स्वतःच्या हाताने उतरवून आणायची.

९. लॉगबुक आणि वही

दर शुक्रवारी पंधरा मिनिटं. त्या आठवड्यात काय काढलं, कुठल्या साईटला गेलो, काय कळलं. सही दर आठवड्याला, फार तर पंधरवड्याला घ्यायची. सगळं शेवटी भरलेलं लॉगबुक लांबून ओळखू येतं, एकाच पेनाने, एकाच अक्षरात, आणि सर नेमके त्याच दिवशी गावाला गेलेले असतात. ‘प्लॅनवर काम केलं’ असं लिहू नका, ‘दुसऱ्या मजल्याचं दार-खिडकी शेड्यूल, दोन दुरुस्त्या, लिंटेल लेव्हल बदलली’ असं लिहा. कॉलेजच्या व्हायव्हाला हेच कामी येतं.

१०. काम मिळत नसेल किंवा त्रास होत असेल तर

तीन आठवडे झाले तरी नुसतं प्रिंट काढणं आणि कुरिअर चाललं असेल तर चौथ्या आठवड्यात सरांची दहा मिनिटं मागा. तक्रार म्हणून नको, ‘सर, मला अमुक साईटचं एक डिटेल करून बघायचंय’ असं नेमकं मागा. बऱ्याचदा छोट्या ऑफिसात कोणाच्या लक्षातच आलेलं नसतं. तरी फरक पडला नाही तर कोऑर्डिनेटरला मेल करा, ऑफिस बदलायचं असेल तर निम्मा काळ जायच्या आत.

स्टायपेंड थकला असेल तर तोंडी आठवण एकदा, पुढची मेलवर.

लैंगिक छळाचं काही असेल तर ट्रेनीलाही २०१३ चा कायदा लागू होतो, मी तर फक्त ट्रेनी आहे म्हणून गप्प बसायचं नाही. दहा किंवा जास्त माणसांच्या ऑफिसात अंतर्गत समिती असावी लागते. छोट्या ऑफिसात ती नसते, तेव्हा तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. ऑफिस वाशी, नेरूळ, बेलापूरला असेल तर जिल्हा ठाणे. खारघर, पनवेल, उलव्याला असेल तर रायगड. कॉलेजलाही त्याच दिवशी कळवा.

११. शेवटचे तीन आठवडे

पोर्टफोलिओसाठी ड्रॉइंग हवी असतील तर आत्ता विचारा. ती ऑफिसची आणि क्लायंटची असतात, गुपचूप पेनड्राईव्हवर टाकून नेली आणि नंतर इन्स्टाग्रामवर दिसली तर शिफारस विसरा. तुम्ही स्वतः काढलेल्या चार-पाच शीटची यादी करून द्या, क्लायंटचं नाव, प्लॉट नंबर, पत्ता काढून टाकतो म्हणून सांगा, आणि परवानगी मेलवर घ्या. इतकं नेमकं मागितल्यावर बहुतेक जण हो म्हणतात.

आपल्या फाईली जागेवर लावा, कुठलं ड्रॉइंग कुठल्या रिव्हिजनला आहे आणि काय अर्धवट आहे त्याचं एक पान लिहून पुढच्या माणसाला द्या.

सर्टिफिकेटचा मसुदा तुम्हीच टाईप करून दहा दिवस आधी द्या. नाव मार्कशीटवर आहे तसंच, सुरुवात आणि शेवटची तारीख, ऑफिसचा पत्ता, सरांचा नोंदणी नंबर, सही आणि शिक्का. हातात आल्यावर तिथेच उभं राहून वाचा. दिवाळीच्या सुट्टीमुळे आठवडे कमी पडत असतील, तर तारीख बदलून मागू नका, उरलेले दिवस येऊन भरा आणि मगच शेवटची तारीख टाकून घ्या, कारण कोऑर्डिनेटर सर्टिफिकेट आणि लॉगबुक शेजारी ठेवूनच बघतात.